रॉबी कीनच्या बारा जर्सी आणि कुडाळचे एक छपाईचे दुकान

कुडाळच्या बाजारपेठेत जर्सी छापून आणि शिवून देणारे एक दुकान आहे. आमच्या वेंगुर्ल्याच्या फुटबॉल मंडळाने नुकताच त्यांच्याकडून बारा जर्सींचा एक जरा वेगळा संच करून घेतला. या जर्सी अंगात घालून खेळण्यासाठी नव्हत्या. मंडळाच्या खोलीतील लांब भिंतीवर त्या कायमच्या लावायच्या होत्या. आयर्लंडचा माजी स्ट्रायकर, म्हणजे गोल करण्यासाठी पुढे खेळणारा खेळाडू, रॉबी कीन ज्या अकरा क्लबांकडून खेळला, त्या प्रत्येक क्लबाच्या रंगांची एकेक जर्सी आणि बारावी आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाची हिरवी, अशी आमची मागणी होती. काम कोठे चोख झाले, कोठे ढिलाई झाली आणि दिलेल्या पैशांचा मोबदला मिळाला का, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. मात्र एका खेळाडूची वीस वर्षांची कारकीर्दच कापडावर उतरवायची असल्यामुळे, त्या कारकिर्दीबद्दल बोलल्यावाचून छपाईचा बरेवाईटपणा ठरवता येणार नाही.

आधी दुकानाविषयी. त्याचा खरा धंदा क्रिकेटवर चालतो. पाऊस सरला की सिंधुदुर्गात गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा लागतात, प्रत्येक वाडीचा संघ असतो, मे महिन्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचे वेगळे संघ उभे राहतात, आणि हल्ली पाठीवर नाव आणि छातीवर पुरस्कर्ता नसलेली जर्सी घालून कोणी मैदानात उतरत नाही. त्यानंतर दहीहंडीची पथके, गणेशोत्सव मंडळे आणि शिमग्याचे टी-शर्ट अशी वर्षभराची कामे असतात. दुकानात सब्लिमेशन पद्धतीने छपाई होते: संगणकावर तयार केलेले डिझाइन आधी कागदावर उलटे छापतात, तो कागद पांढऱ्या पॉलिस्टर कापडावर ठेवून हीट प्रेसमध्ये साधारण दोनशे अंश सेल्सियसला दाबतात, आणि उष्णतेने शाईची वाफ होऊन ती थेट धाग्यात मुरते. त्यामुळे रंगाचा थर कापडावर चिकटवल्यासारखा राहत नाही, पोपडे सुटत नाहीत. आमच्याकडच्या दमट हवेत रबर प्रिंटची अक्षरे एका पावसाळ्यात एकमेकांना चिकटून बसतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या पद्धतीची किंमत वेगळी सांगायला नको.

कीनच का, असे दुकानदारानेही विचारले. त्याचे एक कारण अगदी जवळचे आहे. २०१७-१८ च्या हंगामात कीन इंडियन सुपर लीगमध्ये कोलकात्याच्या एटीके संघाकडून खेळला. आमच्या भागातील फुटबॉलवेडी मुले कुडाळहून कोकण रेल्वेने मडगावला जातात आणि फातोर्ड्याच्या स्टेडियमवर एफसी गोवाचे सामने पाहतात. त्यांच्यासाठी कीन हा केवळ दूरदर्शनवरचा गोरा खेळाडू उरलेला नव्हता. दुसरे कारण हिशेबाचे होते. वुल्व्हरहॅम्प्टन, कॉव्हेंट्री, इंटर मिलान, लीड्स, टॉटनहॅम, लिव्हरपूल, सेल्टिक, वेस्ट हॅम, एलए गॅलक्सी, ॲस्टन व्हिला आणि एटीके असे नेमके अकरा क्लब भरतात. एका माणसाच्या कारकिर्दीतून पूर्ण संघ उभा राहतो, ही गोष्ट मुलांना फार आवडली. कीनविषयी एक जुनी थट्टाही आहे: ज्या क्लबात जाईल तो आपल्या लहानपणापासूनचा आवडता क्लब असल्याचे तो सांगतो, असे त्याचे टीकाकार म्हणत. भिंतीवर बारा रंग शेजारी शेजारी लागले म्हणजे त्या थट्टेत तथ्य किती, हे ज्याचे त्याने पाहावे, असे मला वाटले.

मागणी नोंदवण्याची पद्धत सोपी आहे. दुकानात जाऊन कापड निवडायचे, बाकी सारे व्हॉट्सॲपवर होते. आम्ही डॉट निट कापड घेतले. ते किंचित जाड असते आणि भिंतीवर लावल्यावर चुरगळत नाही. दर एका जर्सीला चारशे रुपयांच्या आत पडला. नग कमी असूनही, आणि प्रत्येक नगाचे डिझाइन वेगळे असूनही, दुकानाने प्रत्येक डिझाइनचे निराळे पैसे लावले नाहीत, ही त्यांची उदारता म्हणावी लागेल. एरवी एकच डिझाइन पंधरावीस नगांवर छापण्यात त्यांचा फायदा असतो. क्लबांची बोधचिन्हे आणि कंपन्यांची नावे छापू का, असे त्यांनी स्वतःहून विचारले. आम्ही नको म्हटले. खऱ्या क्लबाचे चिन्ह विनापरवाना छापून घेणे मला योग्य वाटत नाही, आणि मुलांच्या डोळ्यांसमोर तर ते मुळीच नको. त्यामुळे फक्त रंग, पाठीवर नाव, त्याखाली साल आणि जेथे क्रमांकाला खास महत्त्व आहे तेथे क्रमांक, एवढेच ठरले.

पहिला मॉकअप, म्हणजे छपाईपूर्वीचा पडद्यावरचा नमुना, आला तो आयर्लंडच्या जर्सीचा, आणि त्यावर ६ हा क्रमांक होता. डिझाइन करणाऱ्या मुलाने इंटरनेटवर कीन हे आडनाव शोधले आणि त्याला प्रथम सापडला तो मँचेस्टर युनायटेडचा माजी कर्णधार रॉय कीन. दोघे आयरिश, दोघे एकाच काळातले, पण नात्याचे नाहीत. एक कॉर्कचा मिडफिल्डर, दुसरा डब्लिनच्या टाला भागात ८ जुलै १९८० रोजी जन्मलेला स्ट्रायकर. मी हे फोनवर सांगितले तेव्हा दुकानदार म्हणाले, "म्हणजे सर, हो कीन वेगळो आणि तो वेगळो?" गोंधळ समजण्यासारखा होता, परंतु या विशिष्ट जर्सीवर तो विशेष विनोदी ठरला असता. २००२ च्या विश्वचषकापूर्वी सायपान बेटावरील सराव शिबिरात रॉयचे प्रशिक्षक मिक मॅकार्थी यांच्याशी कडाक्याचे भांडण झाले, त्याला घरी परत पाठवण्यात आले आणि त्या स्पर्धेत तो एकही सामना खेळला नाही. म्हणजे मैदानावर कधी उतरलीच नाही अशी जर्सी दुकानाने छापायला घेतली होती.

ती दुरुस्त करून आली आणि संचातील सर्वांत चांगली जर्सी हीच ठरली. हिरवा रंग गडद, स्वच्छ आणि सगळीकडे सारखा उतरला आहे. सब्लिमेशनमध्ये मोठ्या एकरंगी भागावर जे फिकट चट्टे येतात ते येथे नाहीत. पांढऱ्या १० च्या कडा इतक्या रेखीव आहेत की डोळ्यांजवळ धरून पाहिले तरी रंग फुटलेला दिसत नाही. विश्वचषकाच्या सामन्यांत जर्सीवर पुरस्कर्त्याचे नाव नसते आणि छातीवरही क्रमांक असतो, म्हणून आम्ही पुढेही लहान १० मागितला होता. तो बरोबर मध्यभागी बसला आहे.

या १० साठीच खरे तर एवढा खटाटोप केला. ५ जून २००२ रोजी जपानमधील इबाराकी येथे आयर्लंडचा सामना जर्मनीशी होता. मिरोस्लाव्ह क्लोजेच्या गोलने जर्मनी पहिल्या अर्ध्या तासातच पुढे गेली होती, आणि ९० मिनिटे उलटून गेली तरी आयर्लंडची पाटी कोरी होती. स्टीव्ह फिननने लांबवर चेंडू टाकला, उंचपुऱ्या नायल क्विनने तो डोक्याने पुढे ढकलला, आणि धावत आलेल्या कीनने तो फटकावला. गोलरक्षक ऑलिव्हर कान याचा हात चेंडूला लागला, चेंडू खांबाला लागला आणि तरीही आत गेला. त्या वेळी भारतात संध्याकाळचे सात वाजत आले होते. कोकणात ते पहिल्या पावसाचे आणि वीज जाण्याचे दिवस, त्यामुळे आमच्याकडे ज्यांच्या घरी तेव्हा वीज टिकली त्यांनीच तो गोल पाहिला. त्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत जर्मनीवर दुसऱ्या कोणालाही गोल करता आला नाही. पुढे सौदी अरेबियाविरुद्ध कीनने गोल केला, बाद फेरीत स्पेनविरुद्ध सामना संपता संपता पेनल्टीवर बरोबरी साधून दिली, आणि नंतरच्या पेनल्टी शूटआउटमध्येही स्वतःची किक जाळ्यात घातली. संघ मात्र तेथे हरला. त्या वेळी त्याचे वय एकवीस होते.

आता क्लबांच्या जर्सी. वुल्व्हरहॅम्प्टनचा सोनेरी रंग दुकानाला साधला नाही. त्या क्लबाचा सोनेरी गडद, थोडा तपकिरी झाक असलेला असतो. आम्हाला मिळाला तो पिवळाधमक, हळदीच्या कार्यक्रमाला शोभेल असा. संगणकाच्या पडद्यावर तो ठीक दिसत होता. प्रिंटरची शाई आणि पडदा यांचे रंग कधी जुळत नाहीत, त्यामुळे सोनेरी, मरून आणि आकाशी अशा आडवळणी रंगांसाठी दुकानाने आधी कापडाचा छोटा तुकडा छापून दाखवायला हवा. या जर्सीवर साल १९९७ आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सतरा वर्षांच्या कीनने नॉर्विच सिटीविरुद्ध पदार्पण केले आणि दोन गोल मारले. त्यानंतर मार्च १९९८ मध्ये तो आयर्लंडकडून खेळू लागला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माल्टाविरुद्ध त्याने देशासाठी पहिले गोल केले. रंग चुकला, तरी साल बरोबर आहे.

कॉव्हेंट्रीची आकाशी जर्सी उत्तम झाली आहे. गॉर्डन स्ट्रॅकन प्रशिक्षक असताना, ऑगस्ट १९९९ मध्ये, त्या क्लबाने कीनला साठ लाख पौंडांना घेतले. किशोरवयीन खेळाडूसाठी ब्रिटनमध्ये तोवर कोणी एवढी किंमत मोजली नव्हती. डर्बीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने पुन्हा दोन गोल केले. एक वर्षात तो इंटर मिलानला गेला.

इंटरची निळी-काळी उभ्या पट्ट्यांची जर्सी हा कोणत्याही शिंप्याच्या परीक्षेचा भाग असतो. पट्टे पुढच्या भागावर सरळ आहेत; मात्र खांद्याच्या शिवणीवर पुढचा काळा पट्टा मागच्या निळ्याला जाऊन भिडला आहे. बोटभर सरकवून कापले असते तर काम झाले असते. दुकानातील शिलाई कामगारांना क्रिकेटच्या जर्सींची सवय आहे, जिच्यावर पट्ट्यांऐवजी ज्वाळा, वीज आणि वाघांचे चेहरे असतात, त्यामुळे शिवणीवर काही जुळवण्याची वेळच येत नाही. मिलानमधील कीनचे दिवसही असेच न जुळलेले होते. त्याला मार्चेल्लो लिप्पी यांनी आणले, आणि हंगाम सुरू होऊन थोडे दिवस होतात न होतात तोच लिप्पींनाच काढण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या मार्को तार्देल्ली यांच्या योजनेत कीनला जागा नव्हती. इटालियन साखळीत एकही गोल न करता तो डिसेंबर २००० मध्ये लीड्सकडे उसना गेला, आणि पुढच्या वर्षी तेथे कायमचा झाला. लीड्सची पांढरी जर्सी साधी असल्याने तिच्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही; कापड पातळ वाटते आणि भिंतीचा निळा रंग त्यातून किंचित दिसतो, एवढेच. लीड्स कर्जात बुडाला आणि एकेक खेळाडू विकू लागला, तेव्हा ऑगस्ट २००२ मध्ये कीन सत्तर लाख पौंडांना टॉटनहॅमला गेला.

कीन भटक्या होता, असे म्हणणाऱ्यांना मी या दोन जर्सी दाखवतो. पहिल्या बदलाचे कारण प्रशिक्षकाची हकालपट्टी, दुसऱ्याचे कारण क्लबाचे दिवाळे. बावीस वर्षांच्या मुलाच्या हातात यांपैकी काहीच नव्हते.

टॉटनहॅमची जर्सी मात्र मी दुकानात पुन्हा पुन्हा उलगडून पाहिली, कारण बारा जर्सींत क्लब म्हणून तिचे वजन सर्वांत जास्त आहे. पांढऱ्यावर गडद निळी कॉलर, पाठीवर निळा १०. कॉलरची शिलाई दुहेरी आहे, आतून पट्टी लावलेली आहे, कोठेही दोरा लोंबत नाही. कारागिराने ही जर्सी सावकाशीने केली आहे हे दिसते. २००२ ते २००८ अशी सहा वर्षे कीन येथे रमला. या क्लबासाठी पुढच्या मुक्कामासह त्याचे सर्व स्पर्धांतील ३०६ सामने आणि १२२ गोल झाले. बल्गेरियाच्या दिमितार बर्बाटोव्हबरोबरची त्याची जोडी हा या मुक्कामाचा कळस. बर्बाटोव्ह संथ, चेंडू पायाशी धरून ठेवणारा. कीन सतत हालणारा, बचावपटूंच्या मधल्या जागेत नेमका उगवणारा. २००७-०८ च्या हंगामात दोघांनीही प्रत्येकी २३ गोल केले. त्याच हंगामात, २४ फेब्रुवारी २००८ रोजी, वेम्बलीवर चेल्सीला जादा वेळेत २-१ ने हरवून टॉटनहॅमने लीग कप जिंकला, आणि कर्णधार लेडली किंगबरोबर कीननेही तो उचलला. इंग्लंडमध्ये त्याच्या हाती लागलेला मोठा चषक हा एवढाच.

लिव्हरपूलची जर्सी हा या मागणीतील सर्वांत मोठा दोष आहे. आम्ही ७ लिहून दिला होता. पाठीवर छापून आला १०. डिझाइन करणाऱ्याने टॉटनहॅमची फाइल उघडून फक्त रंग बदलला असणार. ७ ला येथे अर्थ आहे. लिव्हरपूलमध्ये हा क्रमांक केव्हिन कीगन आणि केनी डाल्ग्लिश यांनी वाहिलेला आहे, आणि २००८ च्या जुलैमध्ये सुमारे दोन कोटी पौंडांना आलेल्या कीनला तो देण्यात आला, यावरून त्याच्याकडून काय अपेक्षा होती हे कळते. प्रत्यक्षात प्रशिक्षक राफाएल बेनिटेझ त्याला वरचेवर बाहेर बसवत वा मध्येच बदलत. डिसेंबरमध्ये आर्सेनलच्या मैदानावर त्याने सुंदर गोल केला, त्यानंतर वाटले की आता घडी बसली. आणि फेब्रुवारी २००९ च्या सुरुवातीला तो टॉटनहॅमला परत विकला गेला. साखळीत १९ सामने, ५ गोल. आयुष्यातली सर्वांत महागडी खरेदी आणि अवघ्या सहा महिन्यांचा मुक्काम यांचा हा योग माझ्या मते कीनपेक्षा त्याला घेणाऱ्यांचे अपयश सांगतो: बचावपटूंच्या मधल्या जागेत वावरणाऱ्या स्ट्रायकरला एकट्याने पुढे उभे करायचे, आणि मग तो चालत नाही म्हणायचे.

सेल्टिकच्या हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची मला सर्वाधिक धास्ती होती, कारण आडवे पट्टे बगलेखालच्या शिवणीवर जुळले नाहीत तर डोळ्यांना टोचतात. ते तंतोतंत जुळले आहेत. इंटरच्या जर्सीवर चुकलेल्या हातांनीच हे काम केले असेल, तर मधल्या काळात कोणीतरी त्यांना समजावले असावे. २०१० च्या हिवाळ्यात कीन ग्लासगोला उसना गेला, पहिला सामना संघ हरला, आणि तरी उरलेल्या हंगामात त्याने १९ सामन्यांत १६ गोल केले.

वेस्ट हॅम आणि ॲस्टन व्हिला या दोन्ही क्लबांचे रंग मरून आणि आकाशी. दुकानाने एकच फाइल दोनदा वापरली, आणि त्यासाठी मी त्यांना दोष देणार नाही. २०११ चा वेस्ट हॅमचा मुक्काम क्लबाची खालच्या साखळीत पदावनती होऊन संपला. २०१२ मध्ये व्हिलाकडून आपल्या जुन्या वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्ध त्याने दोन गोल मारले. मरून रंग थोडा जांभळट झाला आहे.

एलए गॅलक्सीची जर्सी पांढरी आणि गडद निळी, नेटकी, ७ बरोबर. हिच्यापाशी मुलांनी सर्वांत कमी वेळ घालवला आणि मला वाटते सर्वांत जास्त घालवायला हवा होता. ऑगस्ट २०११ मध्ये कीन अमेरिकेला गेला, तेव्हा आता हा पेन्शनीत निघाला असे बऱ्याच जणांनी म्हटले. तेथे लँडन डोनोव्हन आणि पहिल्या दोन वेळा डेव्हिड बेकहॅम यांच्यासोबत, प्रशिक्षक ब्रूस अरेना यांच्या हाताखाली, त्याने २०११, २०१२ आणि २०१४ असे तीन वेळा एमएलएस कप, म्हणजे अमेरिकेतील साखळीचे विजेतेपद, जिंकला. साखळीचे जे विजेतेपद इंग्लंडमध्ये इतक्या वर्षांत मिळाले नाही ते येथे चार वर्षांत तीनदा मिळाले. २०१४ च्या अंतिम सामन्यात न्यू इंग्लंड रेव्होल्यूशनविरुद्ध जादा वेळेत, १११व्या मिनिटाला, विजयी गोल त्याचाच होता, आणि त्या वर्षीचा साखळीतील सर्वोत्तम खेळाडूचा किताबही त्यालाच मिळाला. चौतिसाव्या वर्षी स्ट्रायकरचा वेग गेलेला असतो. कीनचा वेग तसाही कधी फार नव्हता, जागा हेरण्याची नजर होती, आणि ती वयाने कमी होत नाही.

एटीकेच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांपाशी आमची मुले अर्थातच खिळून राहिली. छपाई चांगली, लाल रंग भडक तरी स्वच्छ. कीन आला तेव्हा एटीके आदल्या हंगामाचा विजेता होता. तो हंगाम संपला तेव्हा दहा संघांत नववा. दुखापतीमुळे कीनला सुरुवातीच्या सामन्यांना मुकावे लागले, प्रशिक्षक टेडी शेरिंगहॅम यांना मध्येच जावे लागले, त्यांच्यानंतरचे ॲश्ली वेस्टवूडही टिकले नाहीत, आणि शेवटी कीनलाच खेळता खेळता प्रशिक्षकपद सांभाळावे लागले. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढे तेल अवीवच्या मकाबी आणि बुडापेस्टच्या फेरेन्त्सवारोश या संघांना प्रशिक्षक म्हणून त्याने साखळी विजेतेपद मिळवून दिले. प्रशिक्षकाच्या काळ्या कोटाची जर्सी कशी छापणार, हा प्रश्न आम्ही सोडून दिला.

बारा जर्सी भिंतीवर लावताना अकरा क्लब दोन रांगांत आणि आयर्लंडची हिरवी मध्ये, वर, अशी मांडणी केली. तिच्यावर १९९८-२०१६ अशी वर्षे आहेत, इतर कोणत्याही जर्सीपेक्षा लांब. खालच्या अकरांपैकी कोणताही रंग अंगावर असो, हा हिरवा कधी सुटला नाही: १४६ सामने, ६८ गोल, आणि या एकोणीस वर्षांत देशासाठी गोल केला नाही असे एकही वर्ष गेले नाही. २००४ मध्ये फेरो बेटांविरुद्ध त्याने नायल क्विनचा २१ गोलांचा विक्रम मागे टाकला. ज्याच्या डोक्यावरून आलेल्या चेंडूवर जर्मनीविरुद्धचा गोल झाला होता, त्याच क्विनचा. नोव्हेंबर २००९ मध्ये पॅरिसमध्ये कर्णधार म्हणून त्याने गोल करून फ्रान्सशी लढत बरोबरीत आणली, आणि मग थिएरी ऑन्रीचा हात चेंडूला लागलेला पंचांना दिसला नाही. त्यातून फ्रान्सचा गोल झाला आणि आयर्लंड विश्वचषकाला मुकला. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी ओमानविरुद्धच्या शेवटच्या सामन्यातही त्याने चेंडू हवेतल्या हवेत फटकावून गोल केला. लहानपणापासून आवडत्या क्लबांच्या थट्टेला माझ्याकडे दुसरे उत्तर नाही आणि त्याची गरजही वाटत नाही.

सेवेबद्दल थोडे. ठरलेल्या तारखेला माल तयार नव्हता, आणि कारण म्हणून एका मोठ्या क्रिकेट स्पर्धेची मागणी मध्ये आल्याचे सांगण्यात आले. हे कारण खरे होते. दुकानात शंभराच्या आसपास जर्सींचे गठ्ठे मी स्वतः पाहिले. तरी फोन आधी करायला हवा होता. प्रत्येक जर्सी स्वतंत्र पिशवीत होती, बिल पक्के मिळाले, आणि नव्या शाईचा जो उग्र वास असतो तो दोन दिवस हवेशीर ठेवल्यावर गेला. एक जर्सी धुऊन पाहिली. रंग उतरला नाही, पांढऱ्यावर डाग आला नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल येते त्या बाजूला आम्ही मुद्दाम फिकट रंगाची जर्सी लावलेली नाही, कारण बुरशीचे काळे ठिपके पॉलिस्टरलाही सोडत नाहीत.

क्रिकेटच्या संघांना आणि मंडळांना हे दुकान मी निःशंकपणे सुचवीन. रंग टिकतो, शिलाई मजबूत आहे, दर वाजवी आहे. फुटबॉलच्या जुन्या जर्सी करून घेणाऱ्यांनी मात्र प्रत्येक नगाचा मॉकअप वेगळा मागवावा, क्रमांक आणि साल कागदावर लिहून द्यावे, छपाईपूर्वी स्वतः जाऊन पडद्यावर तपासावे, आणि पट्ट्यांच्या जर्सींसाठी शिवणाऱ्याशी समक्ष बोलावे. एप्रिल-मेमध्ये आणि गणपतीच्या आधीच्या महिन्यात मागणी देऊ नये, कारण तेव्हा तुमच्या बारा नगांकडे लक्ष द्यायला तेथे कोणालाही सवड नसते. लिव्हरपूलची जर्सी दुकानाने परत घेतली आहे आणि ७ छापून नवी देण्याचे विनातक्रार कबूल केले आहे. ती हातात येईपर्यंत त्या एका नगाचे पैसे मी रोखून ठेवले आहेत, आणि त्यांनाही ते मान्य आहे.